डिकीच्या बिजागरीतला शॉर्ट : एका हॅचबॅकच्या कामाच्या नोंदी

२४ जून २०२४

देवरुखचे एक मास्तर दुपारी गाडी घेऊन आले. पेट्रोल हॅचबॅक, आठ वर्षं वापरातली, पहिल्यापासून एकाच हातातली. तक्रारी त्यांनी वहीच्या पानावर लिहूनच आणल्या होत्या. दोन रात्री गाडी उभी राहिली की सेल्फ लागत नाही. मागचा डावा पार्किंग दिवा लुकलुकतो, मध्येच बंद पडतो, मग आपोआप लागतो. खड्ड्यातून गाडी गेली की सेंट्रल लॉक स्वतःहून खटखट करतं. आणि शेवटचं वाक्य अधोरेखित केलेलं : एकही फ्यूज उडालेला नाही.

आधी एका ठिकाणी दाखवून झालंय. तिथे स्कॅनर, म्हणजे मोड्यूलनी नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लावून ‘बीसीएम गेला, बदलावा लागेल’ असं सांगितलं. बीसीएम म्हणजे बॉडी कंट्रोल मोड्यूल, डॅशखालचा तो डबा. दिवे, वायपर, काचा, लॉक, हॉर्न सगळं त्याच्या ताब्यात. नवा डबा, त्याचं कोडिंग, चाव्या पुन्हा जुळवून घेणं, असं सगळं धरून रक्कम मोठी निघत होती. म्हणून मास्तर दुसरं मत घ्यायला आले.

बीसीएम खराब होतच नाही असं नाही. पाणी शिरलं तर होतो. पण माझ्याकडे आलेल्या गाड्यांत बहुतेक वेळा डबा ठणठणीत असतो आणि दोष वायरीत निघतो. डबा बदलणं सोपं, चार नट आणि दोन-तीन कपलर, म्हणजे वायरी खोचायचे प्लग. वायरीतला दोष शोधावा लागतो, आणि शोधायला वेळ जातो. तो वेळ द्यायला हवा, कारण दोष वायरीत असेल तर नवा डबाही पहिल्याच पावसात तेच कोड दाखवणार.

गाडीला हात लावण्याआधी मास्तरांना बसवून विचारलं.

“सर, हे सगळं कधीपासून?”

“लुकलुकणं पावसाबरोबर सुरू झालं. बॅटरीचं त्याच्या थोडं आधी, मे अखेरीला.”

“मे महिन्यात गाडीला काही वेगळं काम होतं?”

“आंब्याच्या पेट्या. भावाची बाग आहे, पाहुण्यांना पेट्या पोचवायला हीच गाडी. दिवसभर डिकी उघड-बंद.”

हे उत्तर नोंदवून ठेवलं. डिकी.

संध्याकाळी बॅटरी मोजली : ११.९ व्होल्ट. भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी. ही त्याच्याही खाली. इंजिन चालू करून टर्मिनलवर १४.२ व्होल्ट, म्हणजे अल्टरनेटर व्यवस्थित भरतोय. रात्रभर सावकाश चार्जिंगला लावली. अर्धवट बॅटरीवर कुठलंही मापन घ्यायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. व्होल्टेज पडलं की मोड्यूल वाटेल ते कोड नोंदवतात आणि आपण त्यांच्या मागे फिरत राहतो.

२५ जून

सकाळी बॅटरी १२.६. लोड टेस्ट दिली, म्हणजे मोठा करंट ओढून पाहिला, टिकली. बॅटरी चांगली, अल्टरनेटर चांगला. म्हणजे उभ्या गाडीत कुणीतरी करंट ओढतंय.

हे मोजताना घाई चालत नाही. गाडी बंद करून लॉक केली तरी आतले मोड्यूल लगेच झोपत नाहीत. काही गाड्या पाच मिनिटांत शांत होतात, काहींना अर्धा तास लागतो. त्याआधी मीटर बघून ‘केवढा करंट जातोय’ म्हणणं व्यर्थ. दुसरं म्हणजे, मीटर सिरीजमध्ये लावायला बॅटरीचं टर्मिनल सोडलं की मोड्यूल रीसेट होतात, आणि जो जागा राहत होता तोच गुणी बाळासारखा झोपून जातो. दोष तिथल्या तिथे लपतो. म्हणून टर्मिनल न सोडता निगेटिव्ह केबलवर डीसी क्लॅम्प मीटर, बाहेरून चिमट्यासारखा बसून करंट मोजणारा, लावला. बोनेट उघडं, ड्रायव्हरचं दार उघडं. दोन्हीकडची लॅच, म्हणजे दार अडकवणारे खटके, स्क्रूड्रायव्हरने फिरवून ‘बंद’ करून ठेवली, म्हणजे गाडीच्या दृष्टीने सगळं बंद. स्कॅनर काढून ठेवला. तो लावलेला असला तर नेटवर्क जागंच राहतं.

सुरुवातीला १.८ अँपिअर. थोड्या वेळाने ०.४५. मग तिथेच अडकलं. तासभर चहापाणी, दुसऱ्या गाडीचं हेडलाइटचं काम. परत येऊन पाहिलं तरी ०.४५. अशी गाडी झोपल्यावर ०.०५ च्या आत हवी.

हिशेब लागतो. ०.४५ गुणिले २४, म्हणजे दिवसाला जवळपास ११ अँपिअर-तास. बॅटरी ४५ ची. दोन रात्री आणि मधला दिवस गेला की तिचा तिसरा हिस्सा रिकामा होणार, आणि आठ दिवस आधीपासून अर्धपोटी असेल तर सेल्फ फिरणारच नाही. मास्तरांनी लिहिलं होतं ते अक्षर न् अक्षर खरं.

आता कुठल्या फ्यूजमधून जातोय ते. फ्यूज उपटून बघायचं नाही. उपटला की पुन्हा तोच रीसेटचा घोळ. प्रत्येक ब्लेड फ्यूजच्या डोक्यावर दोन उघडे ठिपके असतात, त्यांवर मीटर मिलीव्होल्टवर लावायचा. करंट जात असेल तर फ्यूजच्या स्वतःच्या रोधामुळे थोडं व्होल्टेज दिसतं. १० अँपिअरच्या लाल फ्यूजचा रोध साधारण साडेसात मिलीओम धरतो. बीसीएमच्या लाल फ्यूजवर २.५ मिलीव्होल्ट आले, म्हणजे ०.३३ अँपिअर. म्युझिक सिस्टीमच्या निळ्या, १५ च्या फ्यूजवर ०.४ मिलीव्होल्ट. तेही लिहून ठेवलं, नंतर बघू. बाकी सगळीकडे जवळपास शून्य.

थोडक्यात, बीसीएम जागा आहे. त्याला झोपू न देणारं काय, हा उद्याचा प्रश्न.

२६ जून

स्कॅनर लावला. कोडची रांग निघाली. यू ने सुरू होणारे बरेच, म्हणजे मोड्यूलना एकमेकांचे निरोप पोचले नाहीत अशी तक्रार. यांतले बहुतेक बॅटरी पडल्यामुळे साठलेले. तरी खात्री म्हणून बॅटरी सोडून डायग्नोस्टिक कपलरच्या, म्हणजे स्कॅनर जिथे लागतो त्याच्या, ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रोध मोजला : ६० ओम. कॅनच्या, म्हणजे मोड्यूलना जोडणाऱ्या दोन वायरींच्या नेटवर्कच्या, दोन टोकांना १२०-१२० ओमचे रोध असतात, समांतर मिळून ६० दिसायला हवेत, तसेच दिसले. नेटवर्कच्या वायरी शाबूत. सगळे कोड लिहून घेऊन पुसले, गाडी चालू करून, दिवे लावून, डिकी उघडून-मिटून पुन्हा वाचले. यू चा एकही परत आला नाही. बी चा एक परत आला : मागचा डावा पार्किंग दिवा, आणि कोडच्या शेवटी ११.

ते शेवटचे दोन आकडे वाचायची सवय फार थोड्यांना असते, आणि सगळी माहिती तिथेच असते. ११ म्हणजे ती वायर अर्थला, म्हणजे बॅटरीच्या मायनसला जोडलेल्या बॉडीला, शॉर्ट. १२ म्हणजे बॅटरीच्या प्लसला शॉर्ट. १३ म्हणजे वायर तुटलेली. बीसीएम इथे स्वतः बिघडल्याचं सांगत नाहीये. माझ्या या पिनेवरून निघालेली वायर बाहेर कुठेतरी बॉडीला टेकतेय, असं सांगतोय. पहिल्या ठिकाणी हाच कोड वाचून डबा बदलायला सांगितला गेला असणार, याचं वाईट वाटतं.

फ्यूज का उडाला नाही, हे आमच्या शिकाऊ पोराने विचारलं. बरोबर विचारलं.

“दादा, अर्थला शॉर्ट आहे तर फ्यूज उडायला नको?”

जुन्या गाड्यांत उडाला असता. तिथे स्विचमधून किंवा रिलेमधून करंट थेट दिव्याकडे जायचा, मध्ये फ्यूज. आता दिव्याची वायर बीसीएममधल्या एका सेमीकंडक्टर स्विचवर संपते. तो स्विच आपल्यातून किती करंट जातोय ते स्वतः मोजत असतो. मर्यादेबाहेर गेला की क्षणात बंद होतो, काही वेळाने पुन्हा देऊन बघतो, पुन्हा शॉर्ट दिसला की पुन्हा बंद. म्हणून दिवा लुकलुकतो आणि फ्यूजला काही कळतच नाही. लुकलुकणं म्हणजे डब्याने स्वतःला वाचवणं.

पोराने लगेच मीटर कंटिन्युइटीवर (दोन टोकं जोडलेली असली की बझर वाजतो) ठेवून दिव्याच्या वायरीवर लावला, बझर वाजला. त्याला थांबवलं. बल्ब जागेवर असताना बझर वाजणारच. १२ व्होल्ट ५ वॅटचा बल्ब पेटलेला असताना २९ ओमच्या आसपास असतो, पण थंड असताना त्याच्या दशांशावर. मीटरला तो शॉर्टच वाटतो. आधी त्या लाइनीवरचे सगळे बल्ब काढायचे, मग मोजायचं.

सर्किटचा नकाशा बघितला. या गाडीत मागच्या डाव्या पार्किंगचा बल्ब आणि नंबर प्लेटचा दिवा एकाच पिनेवर आहेत. पार्किंगचा बल्ब बॉडीवर, नंबर प्लेटचा डिकीच्या झाकणात. म्हणजे ही वायर बिजागरीतून जाते. आंब्याच्या पेट्या आठवल्या.

स्कॅनरच्या लाइव्ह डेटावर, म्हणजे बीसीएमला त्या क्षणी काय दिसतंय त्यावर, डिकीच्या लॅचची स्थिती लावली. डिकी घट्ट बंद. पोराला बाहेरून झाकण नुसतं दाबायला, हलवायला सांगितलं. पडद्यावर : बंद, उघडी, बंद, उघडी. आणि दारांची लॉक खटखटली.

सगळं एका सुतात आलं. या गाडीत डिकी उघडली की लॅचमधला स्विच एक वायर अर्थ करतो, त्यावरून बीसीएमला कळतं. ती वायर वाटेतच अर्थला टेकली तर बीसीएमच्या लेखी डिकी उघडी आहे. उघड्या डिकीची गाडी झोपत नाही, ०.३३ अँपिअर त्याचेच. खड्ड्यात वायर टेकते-सुटते, बीसीएम समजतो डिकी उघडून बंद झाली, आणि लॉकची उजळणी करतो. तिन्ही तक्रारींच्या वायरी एकाच वाटेने जातात.

२७ जून

पण ‘बिजागरीतच असणार’ हा अजून अंदाज आहे, आणि अंदाजावर गाडीचं छत उतरवायचं नाही. ही वायर बीसीएमपासून डाव्या उंबऱ्याखालून, मागच्या चाकाच्या कमानीवरून, मागच्या खांबातून वर छताला आणि तिथून बिजागरीत जाते. चाकाच्या कमानीवरही वायर पत्र्याला घासते, मी पाहिलेलं आहे. शिवाय डिकीचा कपलर झाकणाच्या आत आहे, बिजागरीच्या पलीकडे. तो सोडला तरी शॉर्ट तसाच राहिला, म्हणजे दोष बीसीएम ते कपलर यांच्या मध्ये कुठेही असू शकतो. तेव्हा अंतर मोजायचं ठरवलं. हे मापन मला फार प्रिय आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी शॉर्ट स्थिर हवा. तो डिकीच्या एका ठराविक कोनातच पक्का लागत होता, झाकण वीतभर उघडं असताना. गॅसचे दांडे झाकण वर ढकलतात, म्हणून लॅचमधून सुतळी ओवून ते त्याच कोनात बांधून ठेवलं. बॅटरी सोडली, बीसीएमचा तो कपलर काढला, पार्किंगचा आणि नंबर प्लेटचा बल्ब काढला. आता ती वायर दोन्हीकडून मोकळी, मध्ये कुठेतरी अर्थला टेकलेली.

टेबलावरचा पॉवर सप्लाय घेतला, करंटची मर्यादा बरोबर १ अँपिअरवर. प्लस बीसीएमच्या कपलरमधल्या त्या वायरीच्या टोकाला, मायनस डॅशखालच्या अर्थच्या बोल्टला. करंट वायरीतून शॉर्टच्या जागेपर्यंत जातो आणि तिथून अर्थवाटे परत येतो. मीटर बीसीएमच्या टोकाला आणि अर्थच्या बोल्टला लावला : १४१ मिलीव्होल्ट. यात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात. वायरीचा शॉर्टपर्यंतचा रोध, शॉर्टच्या टेकण्याचा रोध आणि परतीच्या वाटेचा रोध. मला फक्त पहिला हवा.

त्यासाठी दुसरं मापन. मीटरचं एक टोक त्याच अर्थच्या बोल्टवर, दुसरं डिकीतल्या कपलरमध्ये, त्याच वायरीच्या पलीकडच्या मोकळ्या टोकाला. शॉर्टच्या पुढे वायरीत करंटच नाही, त्यामुळे तिथे व्होल्टेजही पडत नाही. पलीकडचं टोक मला थेट शॉर्टच्या जागेचं व्होल्टेज सांगतं. आलं १८ मिलीव्होल्ट.

१४१ वजा १८, उरले १२३. हे फक्त वायरीचे.

आता मीटरला किती? ०.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीला पुस्तकात मीटरमागे ३७ मिलीओम दिलेले असतात. पण तांब्याचा रोध उष्म्याने वाढतो, आणि जूनअखेरीचा शेड काही २० अंशांवर नसतो. म्हणून भंगारातल्या हार्नेसमधून, म्हणजे वायरींच्या जुडग्यातून, त्याच जाडीची वायर काढली, टेपने बरोबर १ मीटर मोजून त्याच सप्लायवर लावली. ३८ मिलीव्होल्ट. १२३ भागिले ३८ म्हणजे ३.२४ मीटर.

पोराने बीसीएमपासून वायरीच्या वाटेने टेप धरली. उंबरा, कमान, खांब, छताची कडा. चाकाची कमान २.३ मीटरच्या आसपास आली. बिजागरीच्या रबरी बूटचं, म्हणजे वायरींवरच्या रबरी नळीचं, तोंड ३.२ मीटरवर. पोराने टेप तशीच धरून माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मलाही तितकाच आनंद झाला. गाडीचा एक क्लिप न काढता जागा सापडली होती.

हे मापन करताना दोन गोष्टी पाळायच्या. पिवळ्या कपलरच्या वायरींना, म्हणजे एअरबॅगच्या लाइनीला, असा करंट कधीही द्यायचा नाही. आणि दोन्ही टोकं खरंच मोकळी आहेत याची खात्री केल्याशिवाय सप्लाय चालू करायचा नाही, नाहीतर कुठल्यातरी मोड्यूलच्या पोटात १ अँपिअर ढकलला जातो. वायरीला सुई टोचून मोजणारेही असतात. कोकणात तर ते पापच आहे. त्या एवढ्याशा भोकातून पाणी शिरतं आणि तांब्याच्या धाग्यांमधून आत आत सरकत जातं.

२८ जून

डावा बूट उतरवला. रबर बाहेरून चांगलं दिसत होतं, पण मधल्या घडीत चिरलेलं. दाबलं तर आतून पाणी आलं.

पाणी पावसाचं असेल असं वाटलं होतं. बोटाला निसरडं लागलं, साबणासारखं. मागच्या काचेवर पाणी मारणारी वॉशरची नळी याच बूटमधून जाते, ती वळणावर तडकली होती. मास्तर पावसात मागची काच धुणार, प्रत्येक वेळी थोडं पाणी बूटमध्ये साठणार. वायरींना बाहेरून पाऊस आणि आतून वॉशर.

वरची काळी टेप उलगडली. ओली, चिकट. आत वायरींचा जुडगा. तपकिरी वायर, नंबर प्लेटची : एका जागी कवच नखाएवढं उडालेलं, आतलं तांबं चकचकीत, सतत घासलं जाणारं. शेजारी काळी अर्थची जाड वायर, तिचंही कवच त्याच जागी तडकलेलं. दोन्ही उघडी तांबी डिकीच्या त्या कोनात एकमेकींवर बसत होती. लॅचच्या पातळ वायरीवर हिरवा कळंक चढलेला, कवचाच्या आत बोटभर लांब पसरलेला. तीही अर्थच्या वायरीला चिकटून. म्हणजे शॉर्ट पत्र्याला नव्हताच, जुडग्यातच होता.

अर्थची वायर थोडी वाकवली तर तिचे बरेचसे धागे आधीच तुटलेले दिसले. डिफॉगर (मागच्या काचेवरचं धुकं घालवणारा हीटर), मागचा वायपर, लॉकची मोटर, वरचा ब्रेकचा दिवा सगळे हिच्यावर. डिफॉगर लावून झाकणातला अर्थ आणि बॉडी यांच्यामध्ये व्होल्टेज मोजलं : ०.९. अर्थच्या वायरीवर इतकं पडायला नको. मास्तरांनी ही तक्रार लिहिली नव्हती, पण मागची काच नीट साफ होत नसणार. फोन करून विचारलं. म्हणाले, “हो, पण मला वाटायचं कोकणातली हवाच तशी.”

वायरी याच जागी का फाटतात, तर कारखान्यातून येतानाच जुडगा टेपने घट्ट बांधलेला असतो. वाकताना वायरींना एकमेकींवरून सरकता आलं पाहिजे, तेच होत नाही. सगळा ताण एका वळणावर येतो. उन्हाने पीव्हीसी कडक होतं आणि मग एखाद्या हंगामात शे-दोनशे वेळा डिकी उघडली की सुटतं.

२९ जून

दुरुस्ती. दिवस जवळजवळ यातच गेला.

नुसती टेप गुंडाळून गाडी देता आली असती. पुढच्या पावसाळ्यापर्यंत चाललीही असती. पण कळंक चढलेलं तांबं आतून खात जातं, आणि वळणावर सोल्डरचा डाग दिला तर वायर तिथे ताठ होऊन डागाच्या कडेला तुटते. म्हणून बूटमधला सगळा तुकडाच बदलायचा. तुटलेल्या तीनच वायरी नव्हे, जुडग्यातल्या सगळ्या. ज्या आज धड दिसतात त्यांनीही तेवढीच वर्षं तेवढंच वाकून काढलंय.

बारीक धाग्यांची, सिलिकॉन कवचाची वायर घेतली. हिचे धागे केसासारखे बारीक असतात आणि कवच थंडी-उन्हात मऊ राहतं. अर्थला आणि डिफॉगरला २.५ चौरस मिलिमीटर, बाकीच्यांना ०.७५. मूळ वायर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापत गेलो. लॅचच्या वायरीला त्यासाठी छताच्या अस्तरात हात घालावा लागला. जोड सगळे वळणाच्या बाहेर : एक बाजू छतात, दुसरी झाकणात, बूटमध्ये एकही नाही. क्रिंपचे, म्हणजे दाबून बसवलेले, जोड, वरून आतल्या बाजूला गोंद असलेली आकसणारी नळी, गरम केल्यावर दोन्ही कडांनी गोंद बाहेर दिसला पाहिजे. सगळे जोड एका रांगेत न घेता पुढेमागे ठेवले, नाहीतर तिथे गाठीसारखं जाड होतं आणि पुन्हा घासतं. प्रत्येक जोड ओढून बघितला.

जुडगा बूटमध्ये टेपने बांधला नाही. सैल जाळीदार आवरण घातलं आणि वायरींना शंखजिऱ्याची पूड चोळली, सरकत्या राहाव्यात म्हणून. झाकण पूर्ण उघडं असताना वायरी ताणल्या जात नाहीत आणि बंद असताना दुमडत नाहीत, एवढाच ढिला भाग ठेवला. वॉशरची नळी नवी, सलग, आणि ती उजव्या बिजागरीच्या रिकाम्या बूटमधून नेली. पाण्याने आणि विजेने एका घरात राहू नये. डावा बूटही नवा.

पुन्हा मापन. डिफॉगर लावून अर्थवर ०.०८ व्होल्ट. डिकी हलवली, आपटली. लाइव्ह डेटावर स्थिती ‘बंद’, हलली नाही. पार्किंगचा दिवा स्थिर. कोड पुसला, परत आला नाही.

१ जुलै

परत २५ तारखेचीच मांडणी : लॅच फिरवलेली, क्लॅम्प लावलेला, स्कॅनर काढलेला. यावेळी करंट उतरत गेला आणि ०.११२ वर थांबला. बीसीएमच्या फ्यूजवर आता काहीच नाही, तो झोपला.

पण ०.११२ सुद्धा जास्त आहे. आठवडाभर गाडी उभी राहिली तर १९ अँपिअर-तास जातील. म्युझिकच्या निळ्या फ्यूजवर अजून तेच ०.४ मिलीव्होल्ट. म्युझिक सिस्टीम बाहेर काढली. मागे रिव्हर्स कॅमेऱ्याचा छोटा डबा, नंतर बसवलेला, त्याची प्लस वायर चिमट्याच्या जोडाने सिस्टीमच्या कायम चालू लाइनीवर मारलेली. चावी काढली तरी तो डबा जागाच. जोड सोडला, करंट ०.०२६. तीच वायर चावीबरोबर चालू होणाऱ्या लाइनीवर, वेगळा २ अँपिअरचा फ्यूज देऊन घेतली. चिमट्याच्या जोडाने मूळ वायरीचे काही धागे कापले होते, तिथेही नवा जोड दिला.

बॅटरी उतरण्याची कारणं दोन असतात तेव्हा पहिलं सापडल्यावर काम संपल्यासारखं वाटतं. शेवटचं मापन करायचं ते त्यासाठीच.

३ जुलै

नळीने डिकीवर आणि बिजागरीवर भरपूर पाणी मारलं, मागचा वॉशर चालवला. नंतर भर पावसात हातखंब्यापर्यंत जाऊन आलो. रस्त्याची अवस्था या कामाला योग्यच आहे. लॉक शांत, दिवा स्थिर, एकही कोड नाही. रात्रभर गाडी उभी ठेवली, सकाळी बॅटरी १२.६.

मास्तर न्यायला आले. काढलेला जुडगा त्यांना दाखवला, तपकिरी वायरीवरची उघडी जागा बोटाने दाखवली. त्यांनी तो जुडगा मागून घेतला, नववीच्या वर्गात विजेचा धडा आहे म्हणाले, ओहमचा नियम शिकवताना दाखवतो. १४१ वजा १८ चं गणितही वहीत उतरवून घेतलं. बिल डब्याच्या किमतीच्या जवळपासही गेलं नाही.

त्यांना एवढंच सांगितलं, की डिकी उघडल्यावर बूटमध्ये पाणी दिसलं तर फोन करा, थांबू नका.

१६ जुलै

मास्तरांचा फोन. अतिवृष्टीच्या इशाऱ्यामुळे शाळेला सुट्टी होती, गाडी चार रात्री अंगणात उभी. सकाळी पहिल्या सेल्फला सुरू झाली.

बाकी राहिलेलं, पुढच्या सर्व्हिसला करायचं : ड्रायव्हरच्या दाराच्या बूटमध्येही जुडगा तसाच घट्ट बांधलेला आहे, पॉवर विंडोच्या वायरीचं कवच कडक झालंय, अजून फाटलेलं नाही. सिलिकॉनची २.५ ची लाल आणि काळी वायर मागवून ठेवणे. मागवताना रबरी बूटचा नंबर जुन्या रबरावरून बघून घेणे, डाव्या-उजव्याचा वेगळा आहे.